नखावरची काळी रेघ : कधी सोडून द्यायची आणि कधी दवाखाना गाठायचा



आपल्या पानावर नेहमी मत्स्यबीज, विमा, जाळी आणि बाजारभाव यांचीच चर्चा असते. आज विषय वेगळा आहे, पण आपल्या हातापायांचाच आहे. संस्थेच्या कार्यालयात सही करायला आलेले सभासद बोट पुढे करून विचारतात, "ही काळी रेघ कशाची हो? अंगात काही वाईट तर नाही ना?" कुणी म्हणतं रक्त गोठलं, कुणी म्हणतं उष्णता, कुणी तर करणीपर्यंत जातं. काहीजण वर्षानुवर्षं बघतच नाहीत. घाबरून चुकीची गोळी घेणं वाईट, आणि दाखवायला पाहिजे ते न दाखवणं त्याहून वाईट. म्हणून हा धडा सावकाश वाचा आणि घरातल्यांना वाचून दाखवा.

आधी नख कसं वाढतं ते समजून घेऊ

नखाचा दिसणारा भाग निर्जीव असतो. तो तयार होतो मुळाशी, कातडीच्या आत. बोटाच्या मागच्या बाजूला नखाखाली पांढरी चंद्रकोर दिसते, तिथे आणि तिच्या मागे नखाचा कारखाना आहे. तिथून नख रोज थोडं थोडं पुढे सरकतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत यायला ४ ते ६ महिने लागतात. पायाचं नख त्याच्या निम्म्या वेगाने वाढतं. अंगठ्याचं पूर्ण नख बदलायला वर्ष-दीड वर्ष जातं.

नखाच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात. आपल्या कातडीला आणि केसांना जो रंग येतो, त्याच मेलॅनिनचा रंग त्या बनवतात. एरवी त्या झोपलेल्या असतात. काही कारणाने एका जागच्या पेशी जाग्या झाल्या की तिथून निघणाऱ्या नखात रंग मिसळत राहतो. जाळं विणताना एक धागा काळा घेतला तर तो विणकामात शेवटपर्यंत काळाच धावतो, तसंच हे. मुळाशी ठिपका असतो, पण नख पुढे सरकत असल्यामुळे आपल्याला मुळापासून टोकापर्यंत उभी रेघ दिसते.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. नख ही एक नोंदवही आहे. टोकाजवळचा भाग चार-पाच महिन्यांपूर्वीचा, आणि मुळाजवळचा भाग आजचा. ही गोष्ट खाली पुन्हा कामाला येणार आहे.

१. रंग वरून लागलाय का?

आधी सोपं कारण तपासा. मत्स्यबीज तळ्यात सोडण्याआधी आपण ते पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या पाण्यात बुडवून काढतो. त्या जांभळ्या पाण्यात हात घातला की नखं तपकिरी होतात. नावेला लावायचं डांबर, केसांचा कलप, मेंदी, बिब्बा, तंबाखू मळणं, या सगळ्यांनी नखं काळी-तपकिरी पडतात.

ओळख सोपी आहे. असा रंग बहुतेक नखांवर पसरलेला असतो, रेघ नसते. ब्लेडने हलकंच खरवडलं तर वरचा थर निघतो. नख वाढतं तसा मुळाकडून स्वच्छ भाग दिसू लागतो. याला औषध लागत नाही. पुढच्या वेळी हातमोजे घाला, एवढंच. बिब्ब्याचं तेल मात्र कातडी भाजतं, त्याच्याशी खेळू नका.

२. मार लागून रक्त साकळलंय का?

आपल्या धंद्यात हे सगळ्यात जास्त. नाव काठाला ओढताना पायाच्या अंगठ्यावर दगड येतो, नांगर पडतो, बोट दोन नावांच्या मध्ये सापडतं. नखाखाली रक्त साकळतं. आधी लाल-जांभळं, मग काळं. हा डाग गोल किंवा वेडावाकडा असतो, मुळापासून टोकापर्यंत सरळ रेघ सहसा नसते.

सगळ्यात चांगली परीक्षा म्हणजे वेळ. रक्ताचा डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि त्याच्या मागे स्वच्छ नख येतं. हाताच्या बोटाला एका महिन्यात ३ मिलिमीटर पुढे गेला की समजा रक्तच असावं. पायाच्या अंगठ्याला धीर धरावा लागतो, तिथे दोन महिन्यांनी फरक दिसतो. डाग जागचा हलत नसेल किंवा मुळाशी पुन्हा पुन्हा नवा काळेपणा येत असेल, तर "मार लागला होता" म्हणून सोडून देऊ नका.

ताजा मार असेल तर थंड पाण्याने शेका. ठणका फार असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जा. डॉक्टर नखाला बारीक छिद्र पाडून रक्त काढतात आणि लगेच आराम पडतो. घरी सुई तापवून टोचू नका. बोट वाकत नसेल तर एक्स-रे लागतो. जखम उघडी असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

कधी कधी नखाच्या टोकाजवळ कुसळ घुसल्यासारख्या दोन-तीन मिलिमीटरच्या बारीक लाल-काळ्या रेघा दिसतात. तेही रक्तच असतं, बहुतेक वेळा किरकोळ मारामुळे. पण अशा रेघा एकदम बऱ्याच बोटांना आल्या, सोबत ताप आहे, दम लागतो, किंवा आधीपासून हृदयाच्या झडपेचा आजार आहे, तर थांबू नका. हृदयाच्या आतल्या जंतुसंसर्गाची ती खूण असू शकते. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

३. आपला जन्मजात रंग आणि रोजचं घासणं

सावळ्या-काळ्या वर्णाच्या माणसांत नखावर तपकिरी रेघ येणं ही साधी गोष्ट आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांत पन्नाशीपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या एखाद्या तरी नखावर अशी रेघ असते. जपानी लोकांत शंभरातल्या १० ते २० जणांना असते. गोऱ्या युरोपीय लोकांत शंभरात एखाद्यालाच. आपण भारतीय या दोन टोकांच्या मधे येतो. अशा रेघा साधारणपणे एकापेक्षा जास्त बोटांवर असतात, रंग सगळीकडे एकसारखा, कडा सरळ, आणि वयाबरोबर हळूहळू वाढतात. घरात आईला किंवा काकाला पण असतात.

दुसरं कारण घासण्याचं. रोज दोरी ओढणं, जाळ्याची गाठ अंगठ्याच्या नखाने दाबणं, चिखलात पायाची बोटं रोवून उभं राहणं, तंग बूट, नख कुरतडायची सवय, या सगळ्यांनी मुळाशी सतत दाब येतो आणि रंगाच्या पेशी जाग्या होतात. पायाच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला अशी रेघ बऱ्याचदा दिसते. कारण थांबलं की रेघ फिकी होऊ शकते. गरोदरपणातही काही बायकांना अशा रेघा येतात. त्यात घाबरण्यासारखं नसतं, पण तपासणीला जाल तेव्हा नर्सबाईंना दाखवा.

४. सतत ओलावा : नखुरडं आणि बुरशी

मासे धुणाऱ्या, खवले काढणाऱ्या आणि बर्फात हात घालणाऱ्या आमच्या भगिनींनी हा भाग नीट वाचावा. हात दिवसभर ओले राहिले की नखाच्या मुळाजवळची कातडी सुटते. त्या फटीत पाणी जातं, पाण्याबरोबर जंतू आणि बुरशी जाते. कड सुजते, दुखते, दाबलं की पू येतो. हेच नखुरडं. जुनं झालं की नखाची बाजू काळपट, तपकिरी किंवा हिरवट होते. हिरवट-काळा रंग एका खास जातीच्या जंतूमुळे येतो, जो ओल्या जागीच वाढतो.

पायाच्या नखाला बुरशी लागली की ते जाड होतं, पिवळट-तपकिरी होतं, ठिसूळ होऊन भुगा पडतो. काही बुरशी स्वतःच काळा रंग बनवतात, त्यामुळे काळी रेघही दिसू शकते. अशी रेघ बऱ्याचदा टोकाकडे रुंद आणि मुळाकडे निमुळती असते, कारण बुरशी पुढून आत शिरते.

उपाय :
- काम झालं की हात-पाय स्वच्छ पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यासकट कोरडे करा.
- रबरी हातमोजे घालायचे तर आत सुती मोजे घाला, नाहीतर घामाने आतच ओल राहते.
- नखाच्या मुळाची कातडी खरवडू नका. तीच आत पाणी जाऊ देत नाही.
- मेडिकलमधून स्वतःच्या मनाने मलम घेऊ नका. खाज थांबवणाऱ्या बऱ्याच मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं, त्याने बुरशी दबते आणि नंतर जोर करते.
- बुरशीच्या गोळ्या हाताच्या नखाला साधारण ६ आठवडे आणि पायाच्या नखाला १२ आठवडे घ्याव्या लागतात. त्यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो. म्हणून आधी नखाचा तुकडा तपासून बुरशी आहे हे पक्कं करायचं, मगच गोळी. दारू घेणाऱ्यांनी डॉक्टरला ते खरं सांगायचं.

५. गोळ्यांमुळे येणाऱ्या रेघा : सिकलसेलच्या घरांनी हे नक्की वाचावं

आमच्या मते या लेखातला हा सगळ्यात कामाचा भाग आहे. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात आणि पलीकडे यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीच्या पट्ट्यात सिकलसेलचा आजार असलेली बरीच घरं आहेत. गोंड-कोलाम बांधवांत जास्त, पण इतर समाजातही आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं, त्यात तेलंगणाही आहे. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं त्यात ठरलं आहे.

सिकलसेलच्या रुग्णांना डॉक्टर हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी देतात. तिच्यामुळे अंगातलं गर्भावस्थेतल्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढतं आणि दुखण्याचे झटके कमी होतात. ही गोळी काही महिने घेतली की बऱ्याच जणांच्या नखांवर तपकिरी-काळ्या उभ्या रेघा येतात. कधी पूर्ण नखच काळपट होतं. हातापायांच्या अनेक नखांवर एकदम दिसतं. ही त्या गोळीची ओळखीची खूण आहे आणि स्वतः त्रासदायक नाही.

इथेच चूक होते. पोराची नखं काळी पडलेली बघून घरचे म्हणतात, गोळी लागू पडत नाही, विषारी आहे, बंद करा. गोळी बंद झाली की झटके परत येऊ शकतात, आणि एक झटका म्हणजे आठवडाभर दवाखाना आणि घरातल्या दोघांची मजुरी बुडाली. तेव्हा नखं काळी झाली म्हणून गोळी बंद करायची नाही. पुढच्या तपासणीला नखं दाखवायची. या गोळीत खरं लक्ष ठेवायचं असतं ते रक्ताच्या तपासणीवर. ती ठरलेल्या दिवशी चुकवायची नाही. लग्न झालेल्या, मूल हवं असणाऱ्या रुग्णांनी, बाई असो की माणूस, आधीच डॉक्टरांशी बोलावं.

अशाच रेघा इतर काही औषधांनीही येतात : कर्करोगाची केमोथेरपी, एचआयव्हीच्या औषधांपैकी झिडोवुडिन, मलेरियाची काही औषधं, मिनोसायक्लिन. नियम एकच. औषध स्वतः बंद करायचं नाही, चिठ्ठी घेऊन डॉक्टरकडे जायचं.

६. अंगात काही कमी आहे का?

बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं की बोटांच्या पेरांवरची कातडी काळी पडते आणि नखांवरही रेघा किंवा काळपटपणा येतो. सोबत थकवा, पायाला मुंग्या, जीभ गुळगुळीत होऊन झोंबणं, विसराळूपणा. हे जीवनसत्त्व फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं : मासे, अंडी, मटण, दूध-दही. मासे खाणाऱ्या घरात कमतरता कमी दिसते. पण आपल्यातच माळ घातलेली वारकरी मंडळी आहेत, जी मासे धरतात, विकतात, पण खात नाहीत. त्यांनी दूध-दही सोडू नये. साखरेच्या आजाराची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांनाही बी-१२ कमी पडू शकतं. रक्ताची एक तपासणी आणि उपचार, एवढ्यावर हा काळपटपणा काही महिन्यांत उतरतो.

क्वचित मूत्रपिंडावरच्या लहान ग्रंथी कमी काम करतात तेव्हाही कातडी, हिरड्या आणि नखं काळी पडतात. वजन उतरणं, चक्कर येणं, मीठ खावंसं वाटणं, ही त्याची लक्षणं. अशा माणसाने वेळ न घालवता दाखवावं.

७. धोक्याची रेघ

आता मुख्य गोष्ट. वरच्या सगळ्या कारणांच्या तुलनेत फार थोड्या रेघा कर्करोगाच्या असतात. पण त्या असतात. रंगाच्या पेशींच्या कर्करोगाला मेलॅनोमा म्हणतात. गोऱ्या लोकांत तो उन्हाने पोळलेल्या कातडीवर जास्त होतो. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत एकूण कमी होतो, पण होतो तेव्हा तळपाय, तळहात आणि नखाखाली होण्याचं प्रमाण मोठं असतं. म्हणजे जिथे आपण बघतच नाही तिथे.

इंग्लंडचे शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये या आजाराला "काळं नखुरडं" अशा अर्थाचं नाव दिलं होतं. नखाचा काळेपणा नखाबाहेर कातडीवर पसरला तर सावध व्हा, हे त्यांनी दाखवून दिलं. आजही डॉक्टर या खुणेला त्यांच्याच नावाने ओळखतात.

जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांचं उदाहरण लक्षात ठेवा. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली काळा डाग होता. तो फुटबॉल खेळताना लागलेला मार वाटला. १९७७ मध्ये तपासणीत मेलॅनोमा निघाला. पुढे तो शरीरभर पसरला आणि ११ मे १९८१ रोजी ते गेले, तेव्हा वय फक्त ३६. आपल्यापैकी प्रत्येकाच्या पायाला कधी ना कधी मार लागलेला असतो, म्हणून "मार लागलाय" हे उत्तर आपल्याला फार सहज सुचतं. ते उत्तर वेळेवर तपासून बघायचं असतं.

खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी त्वचारोग डॉक्टरला दाखवा :

१. चाळिशी-पन्नाशीनंतर एकाच बोटावर नवी रेघ आली. हाताचा अंगठा आणि पायाचा अंगठा असेल तर जास्त लवकर.
२. रेघ ३ मिलिमीटरपेक्षा रुंद आहे.
३. रंग एकसारखा नाही, तपकिरी-काळे पट्टे मिसळलेत, कडा पुसट आहेत.
४. काही महिन्यांत रेघ रुंद किंवा गडद झाली.
५. रेघ मुळाकडे रुंद आणि टोकाकडे अरुंद आहे. नखाची नोंदवही आठवा. टोक जुनं, मूळ आजचं. मुळाशी रुंद म्हणजे आतला ठिपका वाढतोय.
६. काळेपणा नखाच्या मुळाजवळच्या किंवा बाजूच्या कातडीवर पसरलाय.
७. नख चिरतंय, उचललं जातंय, खालून गाठ येतेय, मार नसताना रक्त येतंय, जखम भरत नाही.
८. घरात कुणाला मेलॅनोमा झाला होता.

लहान मुलांच्या नखावरची एकटी रेघ बहुतेक वेळा तिळासारखी निरुपद्रवी असते. तरी एकदा दाखवून ठेवा.

कुठे जायचं आणि तिथे काय होतं?

आधी आपल्या मंडलाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून आदिलाबादच्या रिम्स सरकारी दवाखान्यात त्वचारोग विभागात जाता येतं. बेला, जैनथकडच्या सभासदांना यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेजही सोयीचं आहे. कर्करोगाचा संशय आला तर हैदराबादची सरकारी एमएनजे कर्करोग संस्था किंवा नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय. जाताना आरोग्यश्रीसाठी रेशन कार्ड, आधार आणि चालू गोळ्यांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवा. नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको.

डॉक्टर आधी भिंगाच्या दिव्याने नख बघतात. यात दुखत नाही. बुरशीचा संशय असेल तर नखाचा तुकडा तपासायला घेतात. शंका राहिली तर बोट बधिर करून नखाच्या मुळाचा लहान तुकडा काढतात. "सुई लागली की कर्करोग पसरतो" हे आपण सगळीकडे ऐकतो. ते खरं नाही. तुकडा तपासल्याशिवाय आजार आहे की नाही हे पक्कं कळत नाही. आजार अगदी सुरुवातीला सापडला तर नखाचा भाग काढून बऱ्याचदा बोट वाचवता येतं. उशीर झाला तर बोट जातं, आणि त्याहून उशीर झाला तर माणूस. अंगठ्याशिवाय जाळं सांधणं आणि वल्हं धरणं काय असतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आजपासून एवढं करा

- महिन्याच्या पहिल्या रविवारी उजेडात बसून हातापायांची वीसही नखं बघा. म्हाताऱ्या माणसांची घरातल्या तरुणांनी बघावी.
- रेघ दिसली तर शेजारी पट्टी ठेवून मोबाईलवर फोटो काढा, तारीख लिहा. पुढच्या महिन्यात तसाच फोटो काढून दोन्ही जुळवा. डॉक्टरला हे फोटो फार कामाला येतात.
- वरच्या आठ खुणांपैकी काही असेल तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका.
- रेघ खरवडू नका, चुना-हळद बांधू नका, जडीबुटीवाल्याकडून नख उपटून घेऊ नका.
- सुरू असलेली कुठलीही गोळी नखासाठी बंद करू नका.

एकट्याने दवाखान्यात जायला संकोच वाटत असेल तर संस्थेच्या कार्यालयात सांगा. चिठ्ठी लिहून देणं, कागद जमवणं, सोबत कुणी पाठवणं, एवढं आपण नक्की करू. ही माहिती आपल्या गावच्या ग्रुपवर टाका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मासे उतरवताना वाचून दाखवा.

आपले,
संस्थेचे कार्यालय